परीक्षा हाताची की रीतीची?

शनिवारी सकाळी साडेआठची वेळ. गोल्फ कोर्सवरचा पहिला पार-थ्री होल, म्हणजे चांगल्या खेळाडूने तीन फटक्यांत संपवावा असा. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, चार खेळाडूंची एक चौकडी आपल्या क्लबच्या काठ्या टेकवून उभी, तिच्यामागे दुसरी येऊन थांबलेली, आणि समोर ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, कुणीतरी नवखा चौथा पट, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवायचा फटका, मारतोय. अशा वेळी टीवर जी कुजबुज होते ती कुठल्याही क्लबात गेलात तरी एकच. ‘यांना सोडतात कशाला? आधी रेंजवर, सरावाच्या पट्टीवर, हात बसवा, परीक्षा द्या, मग या.’ हीच कुजबुज पुढे कमिटीसमोर जाते आणि तिथे तिला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं. ‘गोल्फ आधीच मूठभरांचा खेळ, त्यात आणखी परीक्षेचं कुंपण कशाला?’ एक बाजू नवशिक्याच्या स्कोअरकार्डाकडे बोट दाखवते, दुसरी क्लबाच्या फाटकाकडे. कोर्सवर नेमकं काय बिघडतं आणि कशाने बिघडतं, हे पाहायला दोघांनाही सवड नाही.

१८ होलच्या कोर्सवर पाऊल टाकण्याआधी नवशिक्याकडून काहीतरी सिद्ध करून घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. पण ते फटक्याचं कौशल्य असता कामा नये. कुठे उभं राहायचं, कधी मारायचं, कधी हार मानून चेंडू खिशात टाकायचा आणि आपण उकरलेली जमीन कशी बुजवायची, एवढं त्याला येतं का ते पाहा. हे दीड तासात शिकवता येतं आणि तिथल्या तिथे तपासताही येतं. १५० यार्डांचा सरळ फटका दीड वर्षातही येईलच असं नाही, आणि तो आला म्हणून माणूस कोर्सवर शहाण्यासारखा वागेल याची तर मुळीच हमी नाही.

परीक्षा हवी म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही, हे आधी मान्य करू. जर्मनीत ‘प्लात्सरायफे’ नावाची पात्रता मिळवल्याशिवाय बहुतेक क्लब नवशिक्याला पूर्ण कोर्सवर सोडत नाहीत. नियम आणि शिष्टाचारावर लेखी प्रश्न, फटक्यांची चाचणी आणि प्रत्यक्ष काही होल खेळून दाखवणं, असं तिचं स्वरूप असतं. स्वीडनमध्ये ‘हिरवं कार्ड’ आहे. या देशांतला गोल्फ त्यामुळे काही बुडाला नाही, गोल्फची नामवंत खेळाडू अनिका सोरेनस्टॅम स्वीडनचीच. खुद्द स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर वर्षानुवर्षं पुरुषांना २४ आणि स्त्रियांना ३६ अशी हँडिकॅपची मर्यादा होती. हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, आकडा जितका लहान तितका खेळाडू चांगला. खेळाच्या माहेरघरीच अट आहे म्हटल्यावर आपण कोण लागून गेलो?

पण त्याच माहेरघरी जरा चार पावलं पुढे जाऊन बघा. ओल्ड कोर्सला लागून असलेल्या, १८९५ सालच्या न्यू कोर्सवर खेळायला हँडिकॅपचा कागद लागत नाही. पोरांसाठी आणि नवशिक्यांसाठी बॅलगोव्ह हा नऊ होलचा वेगळा कोर्स आहे. ओल्ड कोर्सवर अट आहे तिला तिथलं कारण आहे. सात ग्रीन जोडीने वापरली जातात, म्हणजे एकाच हिरवळीवर दोन होलांचे झेंडे, आणि सातव्या व अकराव्या होलच्या वाटा एकमेकींना छेदतात. शिवाय जगभरातून माणसं एकाच कोर्सवर लोटतात. अशा चौकात पोलीस उभा करावाच लागतो. म्हणून गल्लीबोळात सिग्नल बसवायचा का?

आता कुजबुजीतला पहिला आरोप घेऊ: नवशिके खेळ रेंगाळवतात. जरा हिशोब करू. नियमांची २०१९ची आवृत्ती सुचवते की आपली पाळी आली आणि अडथळा नसला की ४० सेकंदांत फटका मारावा. चौकडीत तीन जण बरे आणि एक नवशिका आहे असं धरा. नवशिक्याने इतरांपेक्षा ३० फटके जास्त घेतले, तर ४० सेकंदांच्या दराने २० मिनिटं वाढली. आता चारही जण चांगले, प्रत्येकी ८५ फटके, पण प्रत्येकाला सवय अशी की मागे उभं राहून रेषा बघायची, हातमोजा काढायचा-घालायचा, तीन सराव-स्विंग घ्यायचे. दर फटक्यामागे फक्त १५ सेकंद जास्त. ३४० फटके गुणिले १५ सेकंद म्हणजे ८५ मिनिटं. परीक्षा नवशिक्याची घेतली तर २० मिनिटांचा प्रश्न सुटेल, ८५ मिनिटांचा जिथल्या तिथे राहील. उलट टीव्हीवरच्या व्यावसायिकांची नक्कल करत पटच्या चारी बाजूंनी फिरणारा माणूस परीक्षेत पहिला येईल. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

आणि पार-थ्रीवरची ती रांग? ती बहुतेक वेळा नवशिक्याने लावलेलीच नसते, ती स्टार्टरच्या, म्हणजे पहिल्या टीवरून चौकड्या सोडणाऱ्याच्या, वहीत लागलेली असते. पार-फोर आणि पार-फाइव्हवर पुढची चौकडी दुसऱ्या फटक्यापलीकडे गेली की मागची टीवरून मारू शकते, म्हणजे एका होलवर एकाच वेळी दोन-तीन चौकड्या मावतात. पार-थ्रीवर एकच मावते. टीपासून ग्रीन सोडेपर्यंत तिला ११ मिनिटं लागतात आणि पहिल्या टीवरून दर ८ मिनिटांनी नवी चौकडी सुटते, असं धरा. प्रत्येक चौकडी आपल्या पुढच्या चौकडीपेक्षा ३ मिनिटं जास्त थांबणार. विसावी चौकडी त्या टीवर पोहोचेल तेव्हा तिची वाट बघण्याची वेळ होईल ५७ मिनिटं. या हिशोबात नवशिका कुठेच नाही, सगळे चांगले खेळाडू धरूनसुद्धा रांग लागतेच. इलाज दोन, आणि दोन्ही जुने आहेत. सुटण्याचं अंतर ११-१२ मिनिटांवर न्या. नाहीतर ग्रीनवर पोहोचलेल्या चौकडीने बाजूला होऊन मागच्यांना हात करावा, त्यांचे टीवरचे फटके होऊ द्यावेत आणि ते चालत येईपर्यंत आपले पट उरकावेत. पहिल्या इलाजात क्लबाची दिवसाकाठी काही चौकड्यांची फी बुडते. म्हणून त्याच्याऐवजी नवशिक्यावर चर्चा होते, असं म्हटलं तर कमिट्यांना राग येईल, पण वही तपासायला हरकत नसावी.

नवशिका वेळ खातो तो बहुतेक दोन जागी. एक, हरवलेला चेंडू शोधताना. दुसरी, होल हाताबाहेर गेल्यावरही हट्टाने शेवटपर्यंत खेळताना. शोधायला पूर्वी ५ मिनिटं मिळत, २०१९पासून ३. ते घड्याळ लावून पाळायचं, आणि चेंडू झाडीकडे गेल्याचं दिसताच तिथल्या तिथे प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर धरायचा दुसरा चेंडू, मारून ठेवायचा. हट्टाचं औषध नियमांतच आहे. जागतिक हँडिकॅप पद्धतीत वरची मर्यादा ५४, म्हणजे दर होलला तीन फटक्यांची सूट. हँडिकॅपसाठी एका होलचा मोजला जाणारा जास्तीत जास्त आकडा असतो नेट डबल बोगी. पार-फोरवर तो होतो पारचे चार अधिक सुटीचे तीन अधिक वरचे दोन, म्हणजे ९. नववा फटका मारूनही चेंडू होलमध्ये गेला नसेल तर दहाव्याचा कार्डावर काही उपयोग नाही, चेंडू उचला आणि पुढच्या टीकडे चालू लागा. फ्रँक स्टेबलफर्डच्या गुणपद्धतीमागे हाच शहाणपणा आहे. तिची पहिली स्पर्धा १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसीला झाली. एखाद्या होलवर पचका झाला तर शून्य गुण घ्या आणि पुढे चला. ‘कधी उचलायचं’ हे ज्याला कळलं, तो शंभरावर तीस फटके घेणारा असला तरी कुणाला अडवत नाही.

दुसरा आरोप मैदानाच्या नासाडीचा. हा अर्धा खरा आहे, आणि खरा अर्धा असा: नवशिका टीवर सराव-स्विंग घेताना गवताचे पापुद्रे काढतो, बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, उंच काठावरून उडी मारतो आणि वाळू तशीच टाकून जातो. पण ग्रीनवर खळगे कोण पाडतं? उंचावरून चेंडू उतरवणारा खेळाडू. नवशिक्याचा चेंडू बहुधा डोक्यावर फटका बसून सरपटत ग्रीनवर येतो, तो खळगा पाडायला उंच जायला हवा ना. खळगा नीट बुजवला तर काही दिवसांत भरतो, नाहीतर आठवडे तसाच करपट डाग राहतो. बुजवण्याचीही रीत आहे. काटा कडेला खुपसायचा आणि बाजूची माती मध्याकडे ढकलायची, मग पटरने थापटायचं. बहुतेक जण काटा खाली घालून तळाची माती वर उचकटतात, त्याने मुळं तुटतात आणि खळगा होता तो बरा होता म्हणायची वेळ येते. टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याचं, फेअरवेचंही तसंच. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बर्म्युडा गवत असतं, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, शेतकरी जिला हरळी म्हणून शिव्या घालतो ती. ती आडव्या धाव्यांनी पसरते. उडालेलं ढेकूळ परत जागेवर ठेवलं तर सहसा धरत नाही, वाळून जातं. तिथे वाळू भरून पायाने दाबायची, धावे दोन्ही बाजूंनी येऊन जागा झाकतात. हे ज्ञान हँडिकॅप ८ असलेल्याकडे असतंच असं नाही. कुठल्याही रविवारी दुपारी ग्रीन वाकून बघा.

तिसरा आरोप सुरक्षेचा, आणि इथे मात्र परीक्षेच्या विरोधकांनी उगाच हसू नये. चेंडू ४६ ग्रॅमच्या आत असतो, पण टणक असतो, आणि धडधाकट तरुणाने ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने, हाणला तर ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. चेंडू क्लबाच्या मानेला लागला, ज्याला शँक म्हणतात, तर तो उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजवीकडे जवळजवळ काटकोनात सुटतो. तिथे आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीने सोबती उभा असतो. आपल्या देशात आणखी एक माणूस असतो, तो म्हणजे आगेवाला. टीपासून दोनशे यार्डांवर, फेअरवेच्या कडेला, चेंडू कुठे पडतो ते पाहायला उभा. डोक्यावर टोपी, फार तर. ‘आमचे पाच तास जातात’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण या चर्चेत आगेवाल्याच्या डोक्याचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो. सुरक्षेचा मुद्दा खरा करायचा असेल तर तो इथून सुरू करा.

पण मग परीक्षा कोणाची घ्याल? ज्याचा फटका १२० यार्डांवर सरपटत थांबतो, त्याचा धोका आगेवाल्याला नाही. धोका आहे तो सहा महिने रेंजवर घाम गाळून २३० यार्ड मारायला शिकलेल्या आणि दर तिसरा चेंडू शेजारच्या फेअरवेवर वाकडा वळवणाऱ्या (स्लाइस करणाऱ्या) गड्याचा. कौशल्याच्या परीक्षेत तो आरामात पास होईल, दहापैकी सात सरळ गेले की झालं. उरलेले तीन कुणाच्या वाट्याला? त्याच्यासाठी नियम साधा हवा. सुरुवातीच्या दहा फेऱ्या ड्रायव्हर पिशवीबाहेर निघणार नाही, पुढचे लोक टप्प्याबाहेर गेल्याशिवाय कुणी मारणार नाही, चेंडू वाकडा सुटला की त्याच क्षणी ‘फोर!’ असा इशारा ओरडायचा. लाजून गप्प बसणं हा नवशिक्याचा सगळ्यात घातक दोष. मुंबईच्या आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या एकमेकींत घुसलेल्या आहेत. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. तिथे कुणी फलंदाजीची परीक्षा घेऊन आत सोडत नाही. पोरगं पहिल्या दिवशी शिकतं ते शेजारच्या चेंडूवर नजर ठेवायला आणि बोंब ठोकायला.

कौशल्याच्या परीक्षेत आणखी एक मूळचीच खोट आहे. ती रेंजवर घेतली तर खोटं बोलते. रेंजवर चटई असते. चेंडूच्या दोन इंच मागे क्लब आपटला तरी चटईवरून घसरून चेंडूपर्यंत जातो आणि फटका बरा दिसतो. तोच फटका गवतावर जमिनीत रुततो आणि चेंडू दहा यार्ड जातो. रेंजवर उतार नाही, रफ म्हणजे कडेचं वाढलेलं गवत नाही, झाडाखालचा चेंडू नाही. म्हणजे कोर्सवरचं कौशल्य कोर्सवरच येतं आणि कोर्सवरच तपासता येतं. काही क्लब तर पाहुण्याकडे हँडिकॅपचा दाखला मागतात. दाखला मिळायला ५४ होलांची कार्डं लागतात, आणि होल खेळायला दाखला. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही!

इथे मोटारीचा दाखला नेहमी दिला जातो: परवान्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू देतो का आपण? उलट तोच दाखला माझ्या बाजूने बोलतो. ब्रिटनमध्ये वाहन चालवण्याची परीक्षा सक्तीची झाली १९३५ साली, त्याच्या आदल्या वर्षी रस्त्यावर सात हजारांहून जास्त माणसं मेली होती. एवढं मोठं कारण असूनही शिकाऊ माणसाला रस्त्याबाहेर काढलं नाही, त्याच्या गाडीवर ‘एल’ लावला. आपल्याकडचा शिकाऊ परवाना बघा. तो देताना चाचणी होते ती रस्त्यावरच्या खुणांची आणि नियमांची. गाडी चालवता येते का हे कुणी विचारत नाही, कारण ती यायचीच आहे. मग ‘एल’ची पाटी आणि शेजारी परवानाधारक घेऊन माणूस खऱ्या रस्त्यावर शिकतो, आणि किमान ३० दिवसांनी हाताची परीक्षा. आधी रीत, मग सोबत, शेवटी कौशल्य. मोटारीला जो क्रम पुरतो तो ४६ ग्रॅमच्या चेंडूला का पुरू नये?

फाटकाचा मुद्दाही थोडा बोलायला हवा, घोषणा न देता. कसोटीची पट्टी हातात असली की ती कुणाला लावायची हे पट्टीवाला ठरवतो. क्रिकेटमधले दलित गोलंदाज पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी सांभाळत आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकत. त्यांच्या हातातली कला सगळ्यांना दिसत होती. तरी हिंदूंच्या संघात विकेट काढूनही त्यांना कर्णधारपद मिळालं नाही, ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. गुणवत्तेची परीक्षा त्यांनी रोज दिली होती, निकाल मात्र दुसऱ्याच विषयाचा लागत होता. गोल्फमध्येही १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर आणि २००९ साली जिंकणारे सी. मुनियप्पा कॅडीगिरीतून आले, जर्मनीचा बर्नहार्ड लँगरही तसाच. आधी दुसऱ्याची पिशवी वाहत खेळ डोळ्यांनी शिकले, मग मिळेल त्या वेळेला कोर्सवर हात साफ केला.

यावर खरा अडचणीचा आक्षेप जागेचा. मुंबईसारख्या शहरात १८ होलचे कोर्स बोटांवर मोजण्याइतके. सिडकोने खारघरला बांधलेलं किंवा दिल्लीत कुतुबजवळ २००० साली सुरू झालेलं डीडीएचं (दिल्ली विकास प्राधिकरणाचं), अशी सार्वजनिक मैदानं अपवादानेच. इतक्या कमी जागेत सगळ्यांना कसं मावायचं? बरोबर आहे, सगळ्यांना शनिवारी सकाळी मावता येणार नाही. पण ती वाटणी वेळेची करा. नवशिक्याला आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी तीननंतर, शेवटच्या चौकड्यांमागे, नऊच होल. मागे कुणी नाही म्हणजे त्याच्याही मानेवर श्वास नाही.

आणि पल्ला कमी करा. ज्याचा ड्रायव्हर १५० यार्ड जातो त्याच्यासाठी १८ होलांची लांबी ३५०० ते ३७०० यार्ड असावी, असा अमेरिकेतल्या ‘टी इट फॉरवर्ड’ मोहिमेचा २०११पासूनचा सल्ला आहे. आपण त्याला साडेसहा हजार यार्डांवर उभं करतो आणि मग रेंगाळतो म्हणून ओरडतो. वेगळ्या टी बांधायला पैसे नसतील तर फेअरवेवर १५० यार्डांच्या खुणेपाशी चेंडू टाकू द्या, फुकटात पुढची टी तयार. शिकवण्याची एक पद्धत तर ग्रीनपासून २५ यार्डांवरून सुरू होते. नऊ होल ३६ फटक्यांत आटोपले की ५० यार्डांवर जायचं, मग १००, मग १५०. ही कौशल्याचीच परीक्षा, आणि तिला माझी काहीच हरकत नाही, कारण नापास झालेला घरी जात नाही, पुढच्या आठवड्यात त्याच पायरीवरून पुन्हा खेळतो.

राहिली दीड तासाची रीतीची परीक्षा. ती घ्यायला प्रशिक्षक हवाच असं नाही. वीस वर्षं पिशव्या वाहिलेला कॅडी उत्तम परीक्षक होईल. तीन होल सोबत चालायचं. ट्रॉली ग्रीनच्या कुठल्या बाजूला लावतो? पुढच्या टीकडच्या बाजूला लावली की पास, समोर लावून परत मागे आला की पुन्हा सांगायचं. बंकरमध्ये सखल बाजूने उतरतो का, निघताना दाताळं फिरवतो का. दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाय देतो का. पाळी येण्याआधी क्लब हातात असतो का. नवव्या फटक्यानंतर चेंडू उचलायला लाजतो का. आगेवाल्याने हात वर करेपर्यंत थांबतो का. या तीन होलांचे पैसे कॅडीला शिकवणीच्या दराने द्यायचे, पिशवीच्या दराने नाही, आणि तो ‘अजून नाही’ म्हणाला तर कमिटीच्या सदस्याच्या चिरंजिवांनाही पुढच्या आठवड्यात परत यावं लागेल.